अहवालाला किती खर्च आला?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने गेल्या काही वर्षांत तिथल्या संसदेला सादर केलेले अहवाल चाळले, तर बहुतेकांच्या पहिल्या पानावर दोन ओळींचा एक मजकूर आढळतो. हा अहवाल तयार करायला खात्याला अंदाजे एवढे डॉलर लागले, त्यातले एवढे कर्मचाऱ्यांच्या वेळेपोटी आणि एवढे इतर खर्चापोटी, अशी ती नोंद असते. किंमत छापण्याची ही प्रथा तत्कालीन संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी घालून दिली. ऑगस्ट २०१० मध्ये काटकसरीच्या उपायांची घोषणा करताना त्यांनी एक तुलना मांडली होती. १९७० साली त्यांच्या खात्याने संसदेसाठी ३७ अहवाल तयार केले होते आणि चाळीस वर्षांनी तो आकडा वर्षाला सातशेच्या वर गेला होता. प्रत्येक अहवाल, प्रत्येक आढावा कुणाचा तरी वेळ खातो आणि त्या वेळेची किंमत कोणी विचारत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. किंमत छापली की ती विचारली जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

प्रत्यक्षात तो आकडा काढणे सोपे नव्हते. किती अधिकाऱ्यांनी किती तास दिले, त्यांचा तासाचा दर काय, बाहेरच्या सल्लागारांना किती दिले, प्रवासाला किती गेले, हे सगळे जमवायचे होते. खात्याने त्यासाठी एक ठरावीक पद्धत बसवली. २०१२ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ती पद्धत तपासली तेव्हा ती अपुरी असल्याचे त्यांना दिसले. तरीही मला ही प्रथा मोलाची वाटते, कारण तिने एक गोष्ट कायमची उघड केली. सरकारी खात्याने एखाद्या धोरणाचा फेरआढावा घ्यायचे ठरवले की सर्वांत मोठा खर्च माणसांच्या वेळेचा असतो, आणि नेमका तोच खर्च नेहमीच्या जमाखर्चात दिसत नाही.

आपल्याकडे समिती नेमण्याचा शासन निर्णय कसा असतो, ते पाहा. प्रस्तावना, समितीची रचना, कार्यकक्षा, अहवालाची मुदत आणि शेवटी खर्चाचा एक परिच्छेद. अशासकीय सदस्यांना नियमांनुसार प्रवासभत्ता, दैनिक भत्ता आणि बैठक भत्ता मिळेल, शासकीय सदस्यांचा खर्च त्यांचा मूळ विभाग सोसेल आणि सगळा खर्च विभागाच्या मंजूर तरतुदीतून भागवला जाईल, अशा आशयाचा तो परिच्छेद असतो. वाचणाऱ्याला वाटते की समिती जवळजवळ फुकटात काम करणार आहे. भत्त्यांची बेरीज केली तर ती खरोखरच किरकोळ निघते. पण समितीचे काम भत्त्यांवर चालत नसते. जुनी आकडेवारी शोधणारा कक्ष अधिकारी, राज्यांना पत्रे लिहून स्मरणपत्रे पाठवणारा अवर सचिव, नकाशे तयार करणारा तंत्रज्ञ, बैठकीचे इतिवृत्त लिहिणारा सहायक, मसुदा चार वेळा वाचणारा सहसचिव, अशा माणसांच्या तासांवर ते चालते.

एक साधा हिशेब मांडू. समजा, दीड वर्ष चाललेल्या एका आढाव्यासाठी सहा अधिकाऱ्यांनी आठवड्याचा फक्त एक दिवस दिला. अठ्ठ्याहत्तर आठवडे गुणिले सहा, म्हणजे ४६८ दिवस. वर्षात कामाचे सुमारे २२० दिवस धरले, तर दोन अधिकाऱ्यांनी पूर्ण एक वर्ष दुसरे काहीच केले नाही, असा त्याचा अर्थ होतो. हे दोन अधिकारी कुठल्याही लेखाशीर्षात सापडणार नाहीत. त्यांचा पगार आधीच मंजूर आहे आणि तो आढावा झाला असता किंवा नसता तरी दिला गेलाच असता. म्हणून खाते म्हणते की अतिरिक्त भार नाही. पण त्या ४६८ दिवसांत जी परवानगी तपासली गेली नाही, ज्या तक्रारीकडे कोणी वळले नाही, तो भार कुणावर तरी पडतोच.

वेळेला किंमत लावण्याचे आणखी एक उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तिथल्या माहिती स्वातंत्र्य कायद्यानुसार केंद्रीय खाते नागरिकाचा अर्ज खर्चाच्या कारणावरून नाकारू शकते. मर्यादा ६०० पौंडांची आणि दर ताशी २५ पौंड, म्हणजे उत्तर शोधायला २४ तासांहून अधिक लागणार असतील तर नकार देता येतो. संसदेतल्या लेखी प्रश्नांसाठीही अशीच ८५० पौंडांची रेषा आखलेली आहे. आपला माहिती अधिकार कायदा या बाबतीत अर्जदाराच्या बाजूने अधिक उभा आहे. त्याच्या कलम ७(९) प्रमाणे खात्याची साधने प्रमाणाबाहेर खर्ची पडत असतील तर माहिती देण्याचा प्रकार बदलता येतो, पण तेवढ्या कारणावरून माहितीच नाकारता येत नाही. दहा रुपयांच्या अर्जाने एका मोठ्या फेरआढाव्याचे दार कसे उघडले, हे पश्चिम घाटाच्या कहाणीत दिसते. या प्रकरणाचा मुख्य विषय तीच कहाणी आहे.

मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमला. जयराम रमेश तेव्हा मंत्री होते. अध्यक्षपद पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्याकडे होते, गोव्याचे नंदकुमार कामत यांच्यासारखे अभ्यासक सदस्य होते आणि मंत्रालयातला एक अधिकारी सदस्य-सचिव होता. घाटाची आजची अवस्था तपासणे, संवेदनशील क्षेत्रे ठरवणे आणि त्यांच्या रक्षणासाठी एक प्राधिकरण सुचवणे, असे काम होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला विकास आणि गोव्यातल्या खाणी यांकडेही पाहायचे होते. गटाने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला. सगळे मिळून दीड वर्ष लागले.

या दीड वर्षात काय काय झाले, ते पाहिले तर सरकारी पैसा नीट वापरला जाणे म्हणजे काय, हे कळते. विविध अभ्यासकांकडून ४२ लेख लिहून घेतले गेले. शासकीय यंत्रणांशी आठ, नागरी संघटनांशी चाळीस विचारविनिमय झाले. चौदा ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन पाहणी झाली. घाटाचा सगळा पट्टा सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत विभागला गेला, अशा सुमारे बावीसशे चौकटी झाल्या आणि प्रत्येक चौकटीला उंची, उतार, जंगल, प्रदेशनिष्ठ वनस्पती, दुर्मीळ प्राणी यांच्या आधारे गुण दिले गेले. यातली बरीच माहिती विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत आधीपासून पडून होती. ती एका ठिकाणी आली, आणि १४२ तालुक्यांसाठी पहिल्यांदाच एकसारखा आधार तयार झाला. मंत्रालयाच्या दृष्टीने हे फार स्वस्तात मिळालेले ज्ञान होते, कारण अभ्यासकांनी आयुष्यभर केलेल्या कामाचे मोल कोणी मागितले नाही.

इथपर्यंत खर्च झाला तो आढाव्याचा. पुढे जो झाला तो आढावा दाबून ठेवण्याचा.

अहवाल मंत्रालयाकडे पोहोचला आणि तिथेच थांबला. केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला. तो उघड केल्यास देशाच्या हितसंबंधांना बाध येईल, अशी भूमिका घेऊन मंत्रालयाने नकार दिला. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेले. एप्रिल २०१२ मध्ये आयुक्त शैलेश गांधी यांनी अहवाल खुला करण्याचा आदेश दिला. गांधी स्वतः मुंबईतल्या माहिती अधिकार चळवळीतून आलेले होते. मंत्रालय त्या आदेशाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मे २०१२ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली आणि मग अहवाल संकेतस्थळावर आला. म्हणजे लोकांच्या पैशाने झालेला, लोकांच्या जमिनीविषयीचा अहवाल नऊ महिने लोकांपासून दूर राहिला, आणि त्या अवधीत खात्याचे कायदा विभाग, वकील, शपथपत्रे, सुनावण्या असा दुसराच खर्च सुरू होता. एखाद्या खात्याने आपल्याच तज्ज्ञांचे म्हणणे झाकण्यासाठी सरकारी पैसा वापरावा, याहून वाया गेलेला खर्च मला दिसत नाही.

अहवाल खुला झाल्यावर मंत्रालयाकडे १७५० प्रतिसाद आले. त्यांतले बहुसंख्य विरोधी होते. ते वाचून मंत्रालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये आणखी एक गट नेमला. नियोजन आयोगाचे सदस्य आणि अंतराळशास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन त्याचे अध्यक्ष होते. आढाव्याचा आढावा सुरू झाला. या गटाने उपग्रहांची अधिक बारीक चित्रे वापरली, वस्ती-शेतीचा प्रदेश आणि नैसर्गिक प्रदेश असा भेद केला आणि एप्रिल २०१३ मध्ये सांगितले की घाटाचा ३७ टक्के भाग, म्हणजे सुमारे ६० हजार चौरस किलोमीटर, संवेदनशील घोषित करावा. गाडगीळ गटाने जवळजवळ सगळाच पट्टा तीन श्रेणींत विभागून कमी-अधिक नियम सुचवले होते. दोन पद्धतींत मोठे अंतर आहे आणि त्यावर अभ्यासकांत आजही वाद होतो. खर्चाच्या बाजूने पाहिले तर एवढेच दिसते की सुमारे तीन वर्षांत एकाच प्रश्नावर दोनदा पैसा आणि वेळ गेला, आणि दुसऱ्या गटाचे निष्कर्ष राज्यांना पटतील ही आशाही खरी ठरली नाही.

केरळात नोव्हेंबर २०१३ मध्ये हिंसक आंदोलन झाले, वन खात्याच्या कार्यालयाला आग लावली गेली. शेती बंद पडेल, घर बांधता येणार नाही, गावे उठवली जातील, असे लोकांना वाटत होते. प्रस्तावित बंदी खाणी, दगडखाणी आणि वाळू उपशावर होती, नव्या औष्णिक वीज प्रकल्पांवर आणि अतिप्रदूषक उद्योगांवर होती, वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामांवर होती. शेतीवर बंदी नव्हती. ही गोष्ट गावोगाव मल्याळममध्ये, कन्नडमध्ये, मराठीत सांगण्यासाठी किती लागले असते? भाषांतर, छपाई, ग्रामसभांना जाणारे अधिकारी, त्यांचा प्रवास. गाडगीळ यांनी हाच आग्रह धरला होता की अहवाल स्थानिक भाषांत ग्रामसभांसमोर ठेवा आणि त्यांचे म्हणणे घ्या. या कामाला पैसा लागतो, आणि आढाव्याच्या अंदाजपत्रकात पहिली काट इथेच बसते. पुढे २०२० साली पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या मसुद्याच्या वेळीही हेच घडले. तो सर्व अनुसूचित भाषांत उपलब्ध करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले तेव्हा मंत्रालय त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

मार्च २०१४ मध्ये पहिली मसुदा अधिसूचना निघाली. क्षेत्र ५६,८२५ चौरस किलोमीटर, सहा राज्ये, त्यांत महाराष्ट्राचे १७,३४० आणि गोव्याचे १,४६१. लोकांना हरकती पाठवायला साठ दिवस. कायद्याने असा मसुदा ५४५ दिवसांत अंतिम व्हायला हवा होता, नाहीतर तो रद्द होतो. तो अंतिम झाला नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये दुसरा मसुदा निघाला. मग फेब्रुवारी २०१७, ऑक्टोबर २०१८, जुलै २०२२ आणि जुलै २०२४. सहा मसुदे. दर वेळी राजपत्रात छपाई, दर वेळी साठ दिवसांच्या हरकती, दर वेळी त्यांचे वर्गीकरण, राज्यांशी पत्रव्यवहार, बैठका. हरकतींच्या मुदती नुसत्या एकापुढे एक ठेवल्या तरी ३६० दिवस होतात, म्हणजे सरकारने जवळजवळ एक अख्खे वर्ष त्याच प्रश्नावर लोकांना मत विचारले. मधल्या काळात राज्यांनी स्वतःच्या समित्या नेमल्या. केरळने तर पहिल्या मसुद्याआधीच उम्मेन समितीकडून गावपातळीवर पडताळणी करून घेतली होती आणि त्या राज्याचे क्षेत्र १३,१०८ वरून ९,९९३ चौरस किलोमीटरवर आले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला हस्तक्षेप करावा लागला. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रालयाने माजी वनमहासंचालक संजय कुमार यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक समिती नेमली. तिला एक वर्ष दिले होते, नंतर मुदतवाढ मिळाली.

यातला केरळचा भाग मी वेगळा काढतो. गावोगाव जाऊन, नकाशा हातात घेऊन, इथे वस्ती आहे की रान आहे हे पाहणे महाग असते. उपग्रहाच्या चित्रावर रबराची लागवड आणि जंगल सारखेच हिरवे दिसू शकते. त्यातून क्षेत्र घटले याबद्दल अनेकांना खंत आहे, आणि ती घट सगळीच शास्त्रीय होती असे मला वाटत नाही. तरीही पडताळणीवर झालेला खर्च आढाव्याचा खरा खर्च आहे. तो २०१० मध्येच, सगळ्या राज्यांत, ग्रामपंचायतींच्या मदतीने झाला असता तर पुढचे पाच मसुदे कदाचित लागलेच नसते.

आणि मग आहे वाट पाहण्याचा खर्च. तो मंत्रालयाच्या दप्तरात मोजता येत नाही, कारण तो दुसऱ्यांच्या खिशातून जातो. ऑगस्ट २०१० पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात नव्या खाणी आणि प्रकल्पांच्या पर्यावरण परवानग्यांना स्थगिती होती आणि ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली. स्थगिती योग्य होती असे माझे मत आहे. पण मुदतवाढीवर जगणारी स्थगिती उद्योजकालाही काही सांगत नाही आणि बागायतदारालाही. महाराष्ट्रातल्या दोन हजारांहून अधिक गावांची नावे दहा वर्षांहून अधिक काळ मसुद्याच्या यादीत आहेत. नियम लागू होणार का, कोणते, कधीपासून, हे तलाठ्यालाही सांगता येत नाही. याच काळात घाटाचे उतार कोसळत राहिले. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गेले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. तळिये, इरशाळवाडी झाली. ३० जुलै २०२४ रोजी वायनाड. सहाव्या मसुद्यावर दुसऱ्याच दिवसाची, ३१ जुलैची तारीख आहे. अधिसूचना निघाली असती तर या दुर्घटना टळल्या असत्या, असे विधान करायला पुरावा लागतो आणि प्रत्येक दरडीचे कारण वेगळे असते. पण कुठला उतार किती नाजूक आहे याचा अभ्यास करून, पैसे देऊन, तो बाजूला ठेवण्याची किंमत ठरवताना ही नावे गाळता येणार नाहीत.

बाजूला ठेवलेल्या अभ्यासाचे एक जुने उदाहरण गाडगीळ अहवालातच आहे. कुठल्या प्रकारचा उद्योग जिल्ह्यात कुठे असावा, हवा-पाण्याला सर्वांत कमी धोका कुठे, हे दाखवणारे नकाशे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुढाकाराने जिल्हावार तयार झाले होते. रत्नागिरीचाही असा नकाशासंच होता. तो लोकांसमोर आला नाही, हे गटाने नोंदवले आहे. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीमुळे दाभोळच्या खाडीत काय झाले, हे तिथले मच्छीमार वर्षानुवर्षे सांगत होते. सरकारकडे अभ्यास होता, पैसेही भरून झाले होते. न वापरलेल्या अभ्यासाची किंमत पुढच्या आढाव्यात पुन्हा मोजावी लागते, कारण नवी समिती पहिल्यापासून सुरुवात करते.

म्हणून गेट्स यांच्या त्या दोन ओळी आपल्याकडेही छापाव्यात असे मला वाटते, पण एका भीतीसह. खर्चाचा आकडा पुढे आला की त्याचा उपयोग आढावाच नको म्हणण्यासाठी होऊ शकतो. अभ्यास महाग, सुनावण्या महाग, तेव्हा थेट निर्णय घेऊ, हा युक्तिवाद ऐकायला व्यवहारी वाटतो. ते टाळायचे तर अहवालाच्या खर्चाशेजारी आणखी दोन नोंदी हव्यात. याच विषयावर आधी कोणते अहवाल झाले आणि त्यांचे काय केले ही एक, आणि अहवाल मिळाल्यावर सरकार कुठल्या तारखेपर्यंत स्वीकार किंवा नकार कळवेल ही दुसरी. पश्चिम घाटाच्या बाबतीत ही दुसरी नोंद २०११ मध्ये असती तर मंत्रालयाला निदान लेखी कारणे देऊन नकार द्यावा लागला असता, आणि कारणे लिहिली की ती तपासता येतात.

सिंधुदुर्गात एक आढावा मंत्रालयाला एक रुपयाही खर्च न करता मिळाला होता. गाडगीळ गटाचे काम चालू असताना जिल्ह्यातल्या २५ ग्रामसभांनी आपला परिसर संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करावा असे ठराव केले. लोकांना संरक्षण नको असते, हे गृहीतक त्या ठरावांनी तिथल्यापुरते खोडून काढले होते. ते अहवालात नोंदवलेले आहेत. पुढे कस्तुरीरंगन गटाच्या आखणीत दोडामार्ग तालुका यादीबाहेर राहिला. पर्यावरण संस्थांनी मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे खटला लढवला आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग हा वन्यजीवांचा मार्ग असलेला पट्टा संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. ग्रामसभांना जे एका बैठकीत सांगता आले, ते सरकारी मार्गाने तिथपर्यंत पोहोचायला दोन तज्ज्ञ गट, पाच मसुदे आणि एक प्रदीर्घ खटला लागला. पुढचा आढावा कुठल्याही खात्याचा असो, त्याच्या सचिवाने पहिल्या दिवशी मागवायची कागदपत्रे असे ठराव आणि आधीचे अहवाल ही आहेत. नवी समिती नेमायची की नाही, हे ती वाचून झाल्यावर ठरवता येईल.